गोळी रोजची, घाई कशाची?

चि. ओंकार यास,


परवा फोनवर एचआयव्हीच्या रिपोर्टचं सांगितलंस आणि पाठोपाठ विचारलंस, "आजी, हे कधी संपणार?" एवढी मोठी गोष्ट न लपवता आपणहून सांगितलीस, याचं मला फार समाधान वाटलं रे. हे कसं झालं ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही; तू गुणाचा आहेस हे मला कुठल्या रिपोर्टवरून ठरवायचं नाही. काळजी आहे ती एकच, तुझ्या घाईची. चहा निवायच्या आत ओठाला लावून तोंड भाजून घेणारं पोर तू, म्हणून सावकाश लिहायला बसले आहे. तूही सावकाश वाच.

हा विषाणू रक्तातल्या सीडी-फोर पेशींत शिरतो. रोगजंतूंशी लढायला बाकीच्या पेशींना जागं करतात त्या याच, म्हणून त्या घटल्या की टीबीसारखे आजार डोकं वर काढतात. शिरल्यावर तो आपली माहिती पेशीच्या डीएनएमध्ये मिसळतो आणि तिच्याकडूनच स्वतःच्या प्रती करून घेतो, औषध नसेल तर दिवसाला अब्जावधी. तुला मिळालेल्या एका गोळीत तीन औषधं आहेत, टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्रॅव्हिर. पहिली दोन ती माहिती उतरवू देत नाहीत, तिसरं ती डीएनएमध्ये मिसळू देत नाही. पण काही पेशी निजल्यासारख्या पडून असतात, आणि त्यांच्यात दडलेला विषाणू औषधांच्या हाती लागत नाही. आपल्या मळ्यातली हरळी आठव. वरून कितीही स्वच्छ खुरपली तरी मुळी जमिनीत राहतेच, आणि खुरपं बाजूला ठेवलं की पुन्हा रान धरते. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर हे, की मुळी आज तरी निघत नाही, पण रोज खुरपलंस तर पीक जोमानं येतं, आणि माणूस भरपूर वर्षं जगतो.

गोळ्या मधूनमधून चुकल्या तर काय होतं, तेही समजून घे. अंगात औषध अर्धवट उरतं, विषाणूला प्रती काढायला मोकळीक मिळते, आणि त्या घाईघाईच्या प्रतींत एखादी जरा निराळी निघते, जी औषधाला दाद देत नाही. मग तीच वाढते. "आता बरं वाटतंय, चार दिवस नाही घेतली तर काय बिघडलं," असं म्हणणारी माणसं मी वॉर्डात काम करताना पाहिली आहेत. बरं वाटतंय ते गोळी चालू आहे म्हणूनच, हे मनाशी पक्कं धर.

म्हणून पहाटे लवकर उठ, बाळा. मी काही तुला अभंग म्हणायला उठवत नाही (म्हटलेस तर आनंदच आहे), पण उठण्याची वेळ ठरली की गोळीची वेळ आपोआप ठरते. रात्री ही गोळी घेतल्यावर काहींना झोप लागत नाही, त्यांनाही डॉक्टर सकाळचीच वेळ सांगतात. एखाद्या दिवशी विसरलास तर आठवल्याबरोबर घे, मात्र दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नकोस. अ‍ॅसिडिटीचं औषध, कॅल्शियम, लोह, यांचं या गोळीशी जमत नाही. ती घ्यायची झाली तर गोळीनंतर दोन तासांनी घे, आणि आधी घेतली असलीस तर गोळीला सहा तास जाऊ दे. कोणतंही नवं औषध सुरू करण्याआधी एआरटी सेंटरवर, म्हणजे या गोळ्या मिळतात तिथं, विचार.

काटकसर तुला शिकवायला नको, तुझ्या आईनं ती शिकवली आहे. पण गोळ्यांची काटकसर वेगळी: वाचवायच्या नाहीत, मोजायच्या. बाटलीत तीस असतात. तळ दिसायच्या आत पुढची बाटली घरात हवी, म्हणजे पाऊस पडो, एसटी बंद पडो, खंड पडत नाही. एआरटी सेंटरच्या खिडकीवर फार्मासिस्ट उरलेल्या गोळ्या बाहेर काढून मोजतील आणि वहीत टिपतील, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस; तो अविश्वास नव्हे, ती तुझीच राखण आहे. गाव बदललंस तर बदलीचं पत्र घेऊन नव्या गावच्या सेंटरवर जा.

या गोळीची किंमत माझ्या पिढीला विचार. पूर्वी हे उपचार वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जात, आणि इथं लोक जमिनी विकत. २००१ साली मुंबईच्या सिप्लाचे युसूफ हमीद यांनी तीन औषधं मिळून दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केली, आणि १ एप्रिल २००४ पासून सरकारनं ती आपल्याकडे मोफत द्यायला सुरुवात केली. त्याआधी ज्यांच्या उशाशी मी बसले, त्यांना द्यायला माझ्या हातात हे काही नव्हतं.

आता धीराचं. विषाणूची संख्या काही आठवड्यांतच झरझर उतरते, पण सीडी-फोर सावकाश चढतात, कधी त्याला वर्षं लागतात. व्हायरल लोडची, म्हणजे विषाणूच्या या संख्येची, तपासणी सहा महिन्यांनी, मग वर्षानं आणि पुढे दरवर्षी. विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासात, ज्यात आपल्या पुण्याचीही जोडपी होती, लवकर उपचार सुरू केल्यानं जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०११ साली दिसलं. तेव्हा लग्न, संसार, मुलंबाळं, यातलं काहीही तुझ्या हातून गेलेलं नाही. खोकला, ताप, रात्रीचा घाम किंवा वजन घटणं दिसलं, तर मात्र अंगावर काढू नकोस. लगेच सेंटरवर सांग, टीबीची तपासणी होईल.

कुणाला सांगायचं याचीही घाई नको. ज्याच्याशी संबंध येणार त्याला मात्र अंधारात ठेवायचं नाही, हे तुला सांगायची गरज नाही. बाकी मित्र, साहेब, शेजारी यांना सांगणं तुझ्या मर्जीवर. एचआयव्हीविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुझ्या संमतीवाचून तपासणी करायला, तुझी गोष्ट बाहेर फोडायला किंवा या कारणानं नोकरीवरून काढायला त्यानं मनाई केली आहे. मुळासकट बरं करतो म्हणून काढा विकणाऱ्यांच्या दारात पाय ठेवू नकोस. मन फार भरून आलं तर मला फोन कर, नाहीतर १०९७ या हेल्पलाइनवर कर, तो मोफत आहे.

आणि घाई जिथं खरंच हवी तेही सांगते. तुझ्या एखाद्या मित्राला लागण झाल्याची भीती वाटली, तर त्याला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात ने. प्रतिबंधाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. तिथं एक तासही दवडू नकोस. बाकी सगळ्याला वेळ आहे, आणि तुझ्याकडे तो पुष्कळ आहे. दिवाळीला येशील तेव्हा दोन-चार दिवस जास्तच राहा, आणि गोळ्याही त्या हिशेबानं घेऊन ये.

तुझी,
आजी