माझा विनोद चोरीला जातो

माणसाचं पाकीट मारलं गेलं तर तो पोलिसांत जातो. देवळाबाहेरून चप्पल गेली तर दुसऱ्याची घालून घरी येतो. पण विनोद चोरीला गेला तर कुठं जावं, हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं.

झालं असं. खामगावात एका सत्कारसमारंभात मी श्रोत्यांत बसलो होतो. प्रमुख पाहुणे उठले आणि म्हणाले, "आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालच्या माणसाला राग लगेच येतो, घाटावरच्याला उशिरा. रागालाही घाट चढायला वेळ लागतो ना!" टाळ्या, हशा! मी मात्र खुर्चीला खिळलो. हे वाक्य माझं होतं हो! वीस वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात छापून आलेलं, आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नाच्या पंगतीत मी ते वाढलेलं. शेजारच्या गृहस्थांना म्हटलं, "ते माझं आहे." ते म्हणाले, "असं का? पण पाहुण्यांनी काय झकास सांगितलं नाही!"

दुसऱ्याच दिवशी एस.टी.नं मेहकर गाठलं. तिथं माझे एक वकील मित्र राहतात. वकिलाकडं रिकाम्या हातानं जाऊ नये, म्हणून शेगावच्या कचोऱ्या नेल्या होत्या. गाऱ्हाणं ऐकता ऐकता वकीलसाहेबांनी दोन संपवल्या आणि विचारलं, "ही कचोरी कोणाची?"

"शेगावची."

"ते गावाचं नाव झालं. पहिल्यांदा तळली कोणी?"

"फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका गृहस्थांनी, शेगाव स्टेशनावर, असं सांगतात."

"बघा! आता गावभर तळतात. नुसत्या पाककृतीला कॉपीराइट नसतो. पाटीवरचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येतं. मालाचा गुण मुलखाशी बांधलेला असेल तर 1999 च्या कायद्यानं भौगोलिक मानांकन मागता येतं. नागपुरी संत्र्याला 2014 साली मिळालं. पण मसाला कोणी जिभेनंच ओळखला, तर कोर्ट काय जीभ जप्त करणार?"

"आणि माझं वाक्य?"

"कायदा कल्पनेला राखत नाही, मांडणीला राखतो. तेही इतक्याशा वाक्याला कोर्ट सहसा दाद देत नाही. कवितेचं वेगळं. आमच्या मेहकरचे ना. घ. देशपांडे घ्या. कवी, आणि पेशानं वकील. जी. एन. जोशींच्या तबकडीनं त्यांची 'शीळ' घरोघर नेली. ना. घ. 2000 साली गेले. पुढची साठ वर्षं धरून 2060 अखेरपर्यंत त्यांच्या कवितांवरचा हक्क शाबूत. शिवाय कलम 57 आहे. लेखकानं हक्क विकून टाकला, तरी 'हे मी लिहिलं' म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडंच राहतो."

"हेच म्हणतोय मी! पैसे नकोत मला. पण माणसानं नाव तरी घ्यावं!"

वकीलसाहेबांनी बोटं पुसली. "बरं, हे वाक्य तुम्हाला सुचलं कुठं?"

आणि इथं माझी एस.टी. घाटात बंद पडली. डोळ्यांपुढं नांदुऱ्याची आत्या उभी राहिली. उन्हाळ्याची सुट्टी, चूल, भाकरी थापता थापता बोलणारी आत्या. वाक्य तिचं होतं. मी फक्त त्याला शाई लावली होती.

परतताना मला हळद आठवली. हळदीनं जखम भरते यावर अमेरिकेत 1995 साली पेटंट दिलं गेलं होतं. माशेलकरांच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेनं जुने लेखी पुरावे मांडले आणि 1997 साली ते रद्द झालं. तेव्हा मीही पेपर वाचून केवढा खवळलो होतो! परक्यानं आपल्या आज्यांचं उचललं की ती चोरी. भाच्यानं आत्याचं उचललं की ती प्रतिभा. पण लगेच माझ्यातलाही वकील जागा झाला. म्हणाला, अरे, या जगात सगळंच कोणाकडून तरी आलेलं असतं. कोणाकोणाची नावं घेत बसणार?

हे तर्कशास्त्र घेऊनच मी रविवारी नांदुऱ्याला गेलो. आत्या आता पंच्याऐंशीची आहे. पाया पडलो आणि म्हटलं, "आत्या, तुझं घाटाचं वाक्य मी माझ्या नावावर छापलं."

आत्या हसली. "माह्यं कायचं आलं रे बाप्पा ते! आमच्या सासूबाईचं होय. चिखलीच्या होत्या त्या, घाटावरच्या."

कलम 57 तिनं कधी ऐकलेलं नाही. नाव घ्यायला तिला एक क्षणही लागला नाही. मला वीस वर्षं लागली.

"पैसे भेटले का त्याचे?" तिनं विचारलं.

"दोनशे रुपये."

"ठेव. पण सासूबाईचं नाव घेत जाय."

म्हणून घाईनं हे लिहितो आहे. वरचं वाक्य माझं नाही, पाहुण्यांचंही नाही. ते नांदुऱ्याच्या आत्याच्या सासूबाईंचं आहे. त्यांचा राग वीस वर्षांपूर्वीच निघाला असेल, तर एव्हाना घाट चढून आलाच असणार.