खबरदारी आणि बदगुमानी

वाशीम जिल्ह्यात गॅरेज ही तशी दुर्मीळच गोष्ट. आमच्याकडे गाडी ओट्यासमोर उभी राहते, नाहीतर रस्त्याच्या कडेला. पण मंगरूळपीरच्या माझ्या मामूंनी घर बांधताना खाली गाडीपुरती जागा काढली आणि तिला मोटारीवर चालणारे शटर बसवले. रिमोट तीन होते. एक मामूंकडे, एक त्यांच्या मुलाकडे आणि एक पहाटे येऊन गाडी धुणाऱ्या मुलाकडे. हा मुलगा सातवीपर्यंत माझा विद्यार्थी होता.

मागच्या उन्हाळ्यात मामूंचा रिमोट नाहीसा झाला. घरभर शोधला, मिळाला नाही. कुणी काही बोलले नाही, पण सगळ्यांच्या मनात एकच नाव आले. ज्याच्याकडे स्वतःचा रिमोट आहे त्याने दुसरा कशाला उचलावा, हा साधा प्रश्न कुणालाच पडला नाही. मलाही नाही. त्या मुलाकडचा रिमोट मागून घेण्यात आला आणि नवा आणला गेला. सोबतचा कागद इंग्रजीत होता, म्हणून मामूंनी मला बोलावले.

काम अवघड नव्हते. आतल्या भिंतीवर एक लहान डबी असते, तिच्यात एक बटन. ते दाबले की लाल दिवा लागतो. तेवढ्यात नव्या रिमोटचे बटन दाबायचे. दिवा लुकलुकला की डबीने त्या रिमोटची ओळख लक्षात ठेवली असे समजायचे. पण नुसता नवा रिमोट जोडून भागत नाही, कारण हरवलेलाही शटर उघडतच राहतो. आणि या डबीत एकट्या रिमोटची ओळख पुसण्याची सोय नव्हती. बटन दहाएक सेकंद दाबून धरले की सगळेच रिमोट पुसले जातात. मग ज्यांना ठेवायचे त्यांना एकेक करून पुन्हा जोडायचे.

मी बटन दाबून धरले. दिवा विझला. त्या क्षणी मामूंचा मुलगा आणि गाडी धुणारा मुलगा दोघे सारखेच परके झाले होते. यंत्राने कुणावर आळ घेतला नाही. मग मी नवा रिमोट जोडला, मामेभावाचा जोडला. तिसरा मामूंनी कपाटात ठेवला. मी काहीच बोललो नाही.

प्रश्न इथे सुरू होतो. सगळे पुसणे ही खबरदारी होती. आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण हदीसमध्ये आहेच. हरवलेली किल्ली बाद करणे यात गैर काही नाही. आपल्या घराची किल्ली कुणाकडे द्यावी हा घरमालकाचा अधिकार आहे, हेही मान्य. पण दोघांना परत जोडून तिसऱ्याला वगळणे ही खबरदारी नव्हती. तो निकाल होता. साक्ष न घेता, आरोपही न सांगता दिलेला. सूरह हुजुरातमध्ये ज्या बदगुमानीपासून दूर राहण्याची ताकीद आहे, ती हीच.

मला फतहे मक्काचा प्रसंग आठवतो. इ.स. ६३० मध्ये काबागृहाची किल्ली हजरत पैगंबर (स.) यांच्या हाती आली. ती उस्मान बिन तल्हा यांच्याकडे असे. हिजरतपूर्वी याच उस्माननी पैगंबरांना एकदा काबागृहात जाण्यापासून अडवले होते, असे सीरतच्या ग्रंथांत येते. किल्ली मागणारे जवळचे नातलगही होते. तरी ती परत मिळाली उस्माननाच, आणि आजही त्यांच्याच कुळाकडे, बनू शैबांकडे आहे. ज्याने खरोखर दार अडवले होते त्याची अमानत त्याला परत मिळाली. आमच्या मुलाने तर काहीच केल्याचे सिद्ध नव्हते.

मोठ्या शहरात घर भाड्याने मागताना नाव सांगताच खोली आधीच गेलेली असते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. तिथेही आरोप कुणी करत नाही. नुसते जोडून घेत नाहीत. तेव्हा आपल्याला जे लागते, तेच आपण मोहल्ल्यातल्या गरिबाला देतो आणि त्याला सावधपणा म्हणतो. आपला तो अपमान आणि त्याची ती लायकी, असा हिशेब अल्लाहच्या दरबारात चालेल का?

मुलगा काही दिवसांनी कामावर यायचा थांबला. मी त्याच्या घरी गेलो. त्याने पाणी दिले, शाळेची चौकशी केली. निघताना एवढेच विचारले, “सर, ते बटन तुम्हीच दाबलं होतं ना?”

मी हो म्हणालो. ‘मला सांगितलं म्हणून दाबलं’ असे म्हणता आले असते, पण वर्गात मुलांची ही सबब मी कधी ऐकून घेत नाही.

मामूंना मी सगळे सांगितले आहे. ते म्हणाले, “बघू, बेटा.” हरवलेला रिमोट अजून मिळालेला नाही, आणि तो मिळण्याची वाट पाहणे मला बरोबर वाटत नाही. तो सापडल्यावर दिलेला भरवसा हा भरवसा नव्हेच, ती नुसती पावती. तिसरा रिमोट कपाटात आहे. जोडायला एक मिनिटही लागणार नाही.