वरच्या कोपऱ्यातलं नाव

जुन्या बिग बँडच्या रचना छापताना माझं घोडं अडतं ते पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात, संगीतकाराचं नाव येतं तिथे. काउंट बेसींचं १९३७ सालचं ‘वन ओक्लॉक जंप’ घ्या. कॅन्सस सिटीच्या वादकांनी ते कागदाशिवाय, वाजवता वाजवता जमवलं. त्यात बस्टर स्मिथ आणि एडी डरहॅम यांचा हात होता. नाव लागलं बेसींचं, आणि कायद्यापुरता प्रश्न तिथेच मिटला.

ते नाव खोटं आहे असं मी म्हणणार नाही. बेसींनी ताफा बांधून ठेवला नसता तर ही रचना उभीच राहिली नसती. पण मग बाकीच्यांचं काय?

पुढच्या काळात अशाच बँडमध्ये वाजवलेल्या एका वयोवृद्ध ट्रॉम्बोनवादकांना मी हे विचारलं. ते म्हणाले, “नावाचं सोडा. आम्ही श्वास कुठे घ्यायचो ते नीट लिहा.” मोठं मन त्यांचं! मात्र त्यांनी सोडून दिलं म्हणून माझं देणं फिटलं, हे मला पटत नाही. आणि सोडून द्यायला तिथे सगळे हजरही नव्हते.

श्वासाच्या खुणा मी करतोच. शिवाय मूळ नावाखाली ध्वनिमुद्रणातल्या सगळ्या वादकांची नावं देतो. त्यासाठी संगीताची पहिली ओळ थोडी खाली सरकवावी लागते.