किल्ली हाती आली म्हणून...

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांत कुरर नावाचा पक्षी आहे. चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर दांडगे पक्षी त्याच्यावर तुटून पडले. तुकडा टाकला आणि तो सुखी झाला. हल्ली असा तुकडा न मागताही चोचीत येतो, त्याविषयी चार शब्द.

बंद झालेला मोबाईल नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. समजा, आधीचा मालक दुकानदार होता आणि त्याचं ऑनलाइन धंद्याचं खातं त्याच नंबराला जोडलेलं राहिलं. आपण आपलं खातं काढायला जातो, ओटीपी येतो आणि उघडतं भलत्याचंच! समोर त्याच्या ऑर्डरी, गिऱ्हाइकांचे पत्ते, येणं रक्कम. आपण कुलूप तोडलेलं नाही. मग जरा पाहिलं तर काय बिघडलं?

आमच्या बँकेत तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असत. किल्ली खिशात, पण आतल्या नोटेवर हक्क नाही. खातेवह्या रोज समोर उघड्या, पण कोणाची शिल्लक किती, हे घरीसुद्धा बोलायचं नाही. नकळत दिसलं त्यात दोष नाही. मुद्दाम दुसऱ्यांदा उघडलं की तिथून दोष सुरू होतो.

बी.कॉम.ला शिकलेला १८७२ चा करार कायदाही असंच सांगतो. कलम ७१ : सापडलेली वस्तू ताब्यात घेतली, की दुसऱ्याची ठेव म्हणून ती सांभाळायची. कलम ७२ : चुकून आलेले पैसे परत करायचे. ऑनलाइन खातं म्हणजे रस्त्यात सापडलेली पिशवी नव्हे, पण धर्म तोच.

मात्र परत करायलाही विवेक लागतो. "खातं माझं आहे, ओटीपी सांगा," असा फोन आला, तर तो मालक की भामटा, कसं ओळखणार? म्हणून ओटीपी कोणालाच देऊ नये. आतलं काही बदलू नये, पुसू नये. खात्यातून बाहेर पडावं आणि त्या कंपनीच्या अधिकृत मदत केंद्राला कळवून नंबर काढायला सांगावा. आपणही जुना नंबर सोडण्याआधी बँक, गॅस, सगळीकडे तो बदलून घ्यावा.

मालकाला आपलं नाव बहुधा कधीच कळणार नाही. न कळू दे. कुरराने तुकडा टाकला, तेव्हा त्याने कुठे पावती मागितली होती?

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥