अर्ध्यावर सोडलेला सामना आणि चुकवलेला दंड

मशिदीत येणाऱ्या तरुणांकडून गेली काही वर्षे एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत कानी येतो. इंटरनेटवर संघ करून खेळल्या जाणाऱ्या खेळांत सामना मध्येच सोडून गेल्यास यंत्रणा दंड करते. हा दंड पैशांचा नसतो. काही काळ नवा सामना खेळू दिला जात नाही, गुण कापले जातात, कधी खेळाडूला वेगळ्या रांगेत टाकले जाते. हा दंड टाळण्याच्या युक्त्या मुलांना तोंडपाठ असतात. त्या युक्त्यांविषयी ते विचारतात, "मौलाना, यात गुनाह तो काय? कोणाचा पैसा घेतला नाही, कोणाला शिवी दिली नाही, एक शब्दही खोटा बोललो नाही."

असल्या प्रश्नाला दीनी मासिकात जागा कशाला, असे काही वडीलधाऱ्यांना वाटेल. परंतु आपल्या फुकहांनी दूध न काढता बाजारात आणलेल्या शेळीवर पानेच्या पाने लिहिली आहेत. वस्तू क्षुल्लक असली तरी तिच्याशी बांधलेला हक्क क्षुल्लक नसतो, हे त्यांना ठाऊक होते. शिवाय ज्या वयात माणूस वचन पाळायला शिकतो, त्या वयातील आपल्या मुलांचा बराच वेळ याच खेळांत जातो. तो वेळ जावा की नाही, हा निराळा विषय आहे आणि त्यावर आपण पुष्कळ बोललो आहोत.

आधी व्यवहार नीट समजून घेऊ. 'काउंटर-स्ट्राइक', 'डोटा २', 'लीग ऑफ लेजेंड्स' या खेळांच्या मुख्य प्रकारांत पाच विरुद्ध पाच असा सामना होतो. एक जण निघून गेला की उरलेले चौघे अर्धा-पाऊण तास जवळजवळ ठरलेल्या पराभवाकडे चालत राहतात. म्हणून 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये सामना सोडणाऱ्याला प्रथम ३० मिनिटे, पुन्हा तसेच केल्यास २ तास, मग २४ तास आणि नंतर ७ दिवस बंदी, अशी चढती पायरी ठेवलेली आहे. 'डोटा २'मध्ये अशा खेळाडूला कनिष्ठ रांगेत पाठवतात आणि तेथे ठरावीक सामने जिंकल्याखेरीज बाहेर येता येत नाही. म्हणजे दंडाचे कारण कंपनीची लहर नाही. एकाच्या जाण्याने चौघांचे नुकसान होते, हे ते कारण आहे.

येथे करार कोणाशी होतो? 'मान्य आहे' हे बटण आपण न वाचताच दाबतो, त्यामुळे कंपनीशी झालेला करार मुलांना कागदी वाटतो. तो वाद क्षणभर बाजूला ठेवू. सामना सुरू करण्याचे बटण दाबताना आणखी एक करार होतो, तो त्या चार अनोळखी माणसांशी. त्यात एकही शब्द उच्चारला जात नाही. परंतु फिकहमध्ये शब्दाविना, केवळ कृतीने होणारा व्यवहारही व्यवहारच असतो. दुकानदाराने पाव पुढे सरकवला आणि आपण पैसे ठेवले, एवढ्यावर खरेदी पूर्ण होते. सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत श्रद्धावंतांना करार पूर्ण करण्याची आज्ञा आहे, आणि सूरह बनी इस्राईलमध्ये वचनाविषयी जाब विचारला जाईल, असे बजावले आहे. समोरचा ओळखीचा असावा किंवा आपल्या धर्माचा असावा, अशी अट तेथे नाही.

यावर एका चुणचुणीत विद्यार्थ्याने हरकत घेतली होती. खेळ ऐच्छिक आहे. जे ऐच्छिकपणे सुरू केले ते ऐच्छिकपणे सोडता का येऊ नये? हरकत बिनबुडाची नाही. नफ्ल नमाज वा रोजा सुरू केल्यावर तो पूर्ण करणे बंधनकारक होते का, यावर इमामांमध्ये मतभेद आहे. हनफी मतानुसार सुरू केलेले नफ्ल वाजिब होते आणि मोडल्यास त्याची कजा करावी लागते. शाफई मतानुसार नफ्ल रोजा ठेवणारा स्वतःचा मुखत्यार असतो. त्याने तो सोडला तर कजा लागत नाही. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई आहेत, घाटावरचे बहुतेक हनफी. त्यामुळे एकाच मासिकाच्या वाचकांत ही दोन्ही मते नांदतात. परंतु हा मतभेद बंदा आणि त्याचा रब यांच्यातील ऐच्छिक इबादतीविषयी आहे. दुसऱ्या बंद्याचा हक्क मध्ये आला की दोन्ही मते एका ठिकाणी येतात. एकट्याने खेळायचा खेळ मध्येच बंद केला तर कोणाचे काहीच जात नाही. चौघांना सोबत घेऊन बसल्यावर मात्र तसे राहत नाही.

आता युक्त्यांकडे वळू. पराभव दिसू लागताच मुलगा मोबाईलचा डेटा बंद करतो, म्हणजे यंत्रणेला नेटवर्क गेल्यासारखे वाटावे. दुसरा सामन्यात नावापुरता राहतो, पात्र कोपऱ्यात उभे करतो आणि स्वतः जेवायला जातो. तिसरा मुद्दाम असा खेळतो की सोबत्यांनीच त्याला मत देऊन बाहेर काढावे. चौथ्याचे दुसऱ्या नावाने खाते असते. दंड एका खात्याला होतो आणि तो दुसऱ्या खात्यावर खेळत राहतो.

'एक शब्दही खोटा बोललो नाही' हे यांतील प्रत्येक जण म्हणू शकतो. परंतु शेळी विकणाराही काही बोलत नसे. दोन-तीन दिवस दूध न काढता तो जनावर बाजारात उभे करी, आणि भरलेली कास पाहून गिऱ्हाईक फसे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेल्या हदीसमध्ये प्रेषित (स.) यांनी याची मनाई केली आणि गिऱ्हाइकाला जनावर परत करण्याचा अधिकार दिला. तेथे खोटे बोलले गेले ते कासेकडून. बंद केलेला डेटा त्याच जातीचे खोटे बोलतो.

अशा युक्तीला आपल्या परंपरेत 'हीला' म्हणतात, आणि हा विषय किती नाजूक आहे हे इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या 'सहीह'मध्ये त्यासाठी स्वतंत्र भाग ठेवला यावरून कळते. सगळे हीले निषिद्ध नाहीत. हजरत अय्यूब (अ.) यांची शपथ एका मूठभर काड्यांनी पूर्ण करून घेण्यात आली, ती कुणावर अन्याय होऊ नये म्हणून. हनफी फुकहा याच आधारावर म्हणतात की अडचणीतून किंवा हरामपासून सुटण्यासाठी केलेला हीला चालेल, परंतु दुसऱ्याचा हक्क बुडवण्यासाठी केलेला चालणार नाही. याच्या अगदी उलट टोकाला शनिवारवाल्यांची कथा आहे, जिचा उल्लेख सूरह आराफमध्ये येतो. त्यांना शनिवारी मासेमारीची मनाई होती आणि मासे नेमके शनिवारीच वर येत. भाष्यकार सांगतात की त्यांनी शुक्रवारीच जाळी लावली, खड्डे खोदले आणि रविवारी मासे उचलले. शनिवारी त्यांचा हात पाण्याला लागलाच नाही. नियमाचे अक्षर शाबूत ठेवून त्यांनी नियम रिकामा केला. पात्र कोपऱ्यात उभे करून जेवायला जाणारा मुलगा सामना 'सोडत' नाही, हे अगदी याच अर्थाने खरे आहे.

परंतु मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न, आणि प्रामाणिक मुले तोच विचारतात. सामना चालू असताना अम्मीने हाक मारली, अजान झाली, आजीला दवाखान्यात न्यायचे ठरले. अशा वेळी उठणे हे तर पुण्यच! मग पुण्याचा दंड का सोसावा? तेथे तरी डेटा बंद करण्याची मुभा असावी.

उठायचे की नाही, यात शंकाच नाही. बनी इस्राईलमधील जुरैज नावाच्या आबिदाची हदीस प्रसिद्ध आहे. तो नमाजमध्ये असताना आईने हाक मारली, त्याने नमाज चालू ठेवली, आणि आईच्या दुखावलेल्या मनातून निघालेल्या शब्दांमुळे तो मोठ्या संकटात सापडला. यावरून उलमांनी असा निष्कर्ष काढला की नफ्ल नमाजपेक्षाही आईच्या हाकेला उत्तर देणे श्रेष्ठ आहे. तेथे खेळाची काय कथा?

मात्र गुनाह नसणे आणि भरपाई नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या मुलांना शरीअतमधील ही एक गोष्ट समजली तरी पुष्कळ झाले. भुकेने जीव जाण्याची वेळ आली असता माणसाने दुसऱ्याचे अन्न खाल्ले तर त्याला गुनाह नाही; तरीही फुकहा म्हणतात की त्या अन्नाची किंमत त्याने मालकाला द्यावी. उस्मानी काळात, १८६९ ते १८७६ दरम्यान, संकलित झालेल्या 'मजल्ला' या संहितेत हे तत्त्वच नमूद आहे: निकड दुसऱ्याचा हक्क बुडवीत नाही. शपथेचेही तसेच. एखाद्या गोष्टीची शपथ घेतल्यावर दुसरी गोष्ट अधिक चांगली दिसली तर चांगली तीच करावी, असे प्रेषित (स.) यांनी शिकवले, आणि त्याच शिकवणीत कफ्फारा देण्यास सांगितले. म्हणजे दहा गरिबांना जेवण वा वस्त्र, आणि ती ऐपत नसल्यास तीन रोजे. चांगल्या कारणासाठी शपथ मोडली म्हणून कफ्फारा माफ झाला नाही.

तेव्हा अम्मीच्या हाकेला उठणाऱ्या मुलाने उघडपणे उठावे. शक्य असेल तर सोबत्यांना दोन शब्द लिहावेत, आणि ३० मिनिटांची बंदी निमूटपणे सोसावी. त्याचे उठणे योग्य होते, आणि त्या चौघांचे नुकसानही खरे होते. ती ३० मिनिटे या दुसऱ्या गोष्टीची कबुली आहे. दंड झाला म्हणून तो अपराधी ठरत नाही, जसा दंड चुकवणारा केवळ चुकवल्यामुळे निरपराध ठरत नाही. यंत्रणेला नियत दिसत नाही, केवळ तुटलेली जोडणी दिसते. काजीही जाहिरावरच निवाडा करतो. आमच्या गावांत वीज खरोखरच जाते आणि त्याची शिक्षा निष्पाप मुलाला होते, हे मान्य; त्यासाठी परत जोडले जाण्याची सवलत आणि तक्रारीचा मार्ग असतो, तो उघड आहे.

सुटण्याचे हलाल मार्गही या खेळांनी ठेवलेले आहेत, हे विशेष. 'लीग ऑफ लेजेंड्स'मध्ये १५ मिनिटांनंतर सगळ्यांच्या संमतीने आणि २० मिनिटांनंतर पाचपैकी चौघांच्या मताने पराभव मान्य करून सामना संपवता येतो. फिकहमध्ये परस्परसंमतीने व्यवहार रद्द करण्याला 'इकाला' म्हणतात. पस्तावलेल्या माणसाला तशी मोकळीक देणाऱ्याची हदीसमध्ये प्रशंसा आहे. 'डोटा २'मध्ये एकाने सामना सोडून दिल्यावर उरलेल्यांना दंडाविना जाण्याची मोकळीक मिळते. ज्यांना हा कायदा सुचला ते फिकह शिकलेले नसावेत, पण न्यायाची ओढ सर्वांच्या फितरतमध्ये असते.

एक अपवाद सांगायला हवा. पैसे लावून खेळला जाणारा सामना हा करारच नव्हे, तो मैसिर आहे. तेथून कळताक्षणी उठावे, आणि आता तर २०२५च्या कायद्याने देशातही अशा खेळांना बंदी आहे. तसेच ज्या सामन्यात दीनची टिंगल चालली आहे तेथून उठण्याची आज्ञा कुरआनमध्येच आहे. या दुसऱ्या स्थितीत दंड झाला तर तो मोठ्या आनंदाने घ्यावा.

राहता राहिला पालकांचा प्रश्न. अनेक घरांत मगरिबची अजान झाली की अब्बा राउटरची वायरच ओढतात. 'मजल्ला'त असेही कलम आहे की प्रत्यक्ष कृती करणारा आणि केवळ निमित्त झालेला असे दोघे असतील तर जबाबदारी प्रत्यक्ष करणाऱ्याकडे जाते. त्या हिशेबाने चौघांचा सामना मुलाने नव्हे, अब्बांनी बिघडवला. सूर्यास्ताची वेळ घरातील कॅलेंडरवर छापलेली असते आणि असा सामना पाऊण तास चालू शकतो. वायरीला हात घालण्यापेक्षा मगरिबच्या तासभर आधी, मुलगा सुरू करण्याचे बटण दाबण्यापूर्वी, "आता बसू नकोस" एवढे म्हणणे अब्बांना सहज शक्य आहे.