पैसे भरलेला पाहुणा

पैसे मोजले म्हणजे उपकार फिटले, असें व्यवहार सांगतो. आणि बाजारांत हा नियम योग्यच आहे. परंतु ज्याच्या छपराखालीं आपण जेवतों, निजतों आणि ज्याच्या हातीं आपला जीव सोंपवितों, त्याच्याशीं असलेलें नातेंही पैशानेंच संपतें काय? या प्रश्नाची कसोटी पाहावयाची तर ज्यांस आज 'क्रूझ' म्हणतात त्या सहलीच्या जहाजांइतकें सोयीचें स्थळ दुसरें नाहीं.

तेथें दुकान, घर व गांव हीं तिन्ही एकाच पोलादी भिंतीआड असतात. २०२४ मध्यें प्रवासी घेऊन निघालेलें 'आयकॉन ऑफ द सीज' हें जहाज सुमारें ३६५ मीटर लांब व वीस मजली असून, पूर्ण भरल्यास त्यांत सुमारें ७,६०० प्रवासी व २,३५० नोकर-खलाशी राहतात. प्रवाशाच्या वांट्यास सज्जे, तलाव व नाटकगृहें येतात. नोकराच्या वांट्यास बहुधा खालच्या मजल्यावरील, दुसऱ्याबरोबर वांटून घेतलेली खोली. २०१३ पासून अंमलांत असलेला आंतरराष्ट्रीय सागरी श्रम-करार दोन पर्याय देतो: आठवड्यास ७२ तासांहून अधिक काम नको, किंवा ७७ तासांहून कमी विश्रांति नको. दुसरा पर्याय घेतल्यास ९१ तासांचें काम कायद्यांत बसतें! गोव्यांतील अनेक घरांना हा हिशेब पुस्तकांतून शिकावा लागत नाहीं; तेथें तारवट्यांच्या पिढ्यान् पिढ्या झाल्या आहेत.

यावर कोणी म्हणेल, "ही नोकरी त्यांनीं खुषीनें पत्करली, त्यांस आमची कणव नको, वेतन हवें." हें बोलणें खोटें नाहीं. कणवेनें घरचें कर्ज फिटत नाहीं, वेतनानें फिटतें. परंतु समुद्र खवळला म्हणजे या युक्तिवादाची उणीव दिसूं लागते. जहाजाच्या दोन्ही कुशींतून पाण्याखालीं बाहेर काढतां येणारे पंख त्याचें आडवें डोलणें पुष्कळ कमी करितात. पुढचें टोंक वर चढून खालीं आदळणें मात्र त्यांना फारसें थोपवितां येत नाहीं. अशा वेळीं प्रवासी अंथरूण धरतो, आणि सेवक कोरडीं बिस्किटें व पाणी घेऊन त्याच्या दाराशीं उभा राहतो. पोटांत कालवाकालव त्याच्याही होत असते. त्यास आडवें होण्याची मुभा नसते, इतकेंच. फेब्रुवारी २०२० मध्यें योकोहामा बंदरांत 'डायमंड प्रिन्सेस' जहाजावर करोनाची साथ पसरली, तेव्हां प्रवाशांस खोल्यांत राहण्यास सांगण्यांत आलें. अन्न शिजविणें व दारोदार पोंचविणें नोकरवर्गाकडेच राहिलें. त्या सुमारें हजारांच्या वर्गांत १३२ भारतीय होते. त्या दिवसांचें मोल तिकिटांत धरलेलें नव्हतें.

किनाऱ्यावर हाच प्रश्न दुसऱ्या वेषानें भेटतो. 'अतिथि' म्हणजे ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नसते तो, असें आपल्याकडे परंपरेनें सांगतात. क्रूझच्या प्रवाशाची तिथिच काय, घटकाही ठरलेली असते: सकाळीं उतरावें, दिवेलागणीपूर्वीं परतावें. जेवण जहाजावर आगाऊ भरलेलें असल्यामुळें गांवच्या खाणावळीस त्याचा लाभ थोडा. गल्ल्यांस भार मात्र पुष्कळ. व्हेनिसच्या जुन्या शहराची वस्ती आतां पन्नास हजारांच्या आंत आली आहे. ऑगस्ट २०२१ पासून तेथें सॅन मार्कोसमोरून व जुदेक्का कालव्यांतून जाण्यास मोठ्या जहाजांना बंदी झाली. खाडीचें व प्राचीन इमारतींचें रक्षण हा तीमागील हेतु. पण यजमानानें दार अर्धवट लोटून घ्यावें, तसेंच तें झालें.

मग सहलीस जाऊंच नये काय? आम्ही तसें म्हणत नाहीं. समुद्र पाहण्याची हौस निर्दोष आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, भाड्यानें सेवा विकत मिळते, आतिथ्य मिळत नाहीं. तें ऋण राहतें, आणि तें वागणुकीनेंच फेडावयाचें असतें. तिकीट स्वस्त दिसलें तर तें कोणाची झोंप कापून स्वस्त झालें, हें विचारावें. वादळी रात्रीं सेवकास हांक मारण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. परक्या गांवांतील घरें हीं कोणाचीं तरी घरें आहेत हें विसरूं नये. यांत मोठा त्याग नाहीं. पैसे भरल्यानंतरही कांहीं देणें उरतें, हें ज्यास कळलें तो कोणत्याही बंदरांत पाहुणाच ठरेल. ज्यास कळलें नाहीं तो सारें जग फिरूनही गिऱ्हाईकच राहील.