अन्नवस्त्राच्या पुढे

डाऊन सिंड्रोम ही जन्माच्या आधीच ठरून गेलेली जडणघडण आहे. बहुतेक व्यक्तींमध्ये शरीराच्या प्रत्येक पेशीत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. ब्रिटिश डॉक्टर जॉन लँगडन डाऊन यांनी १८६६ साली तिच्या लक्षणांचे वर्णन केले. तिसऱ्या प्रतीचा शोध लागायला मात्र १९५९ साल उजाडावे लागले आणि तो फ्रान्समध्ये झेरोम लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केला. सातशे ते हजार जन्मांमागे एक असे तिचे साधारण प्रमाण सांगतात. ती तिसरी प्रत कोणत्याही औषधाने काढून टाकता येत नाही. त्यामुळे एक प्रश्न उभा राहतो आणि तो दिसतो तितका वैद्यकीय नाही: मूळ दुखणे जाणारच नसेल, तर त्या माणसावर आयुष्यभर उपचार करायचे ते कशासाठी, आणि असे आयुष्यभराचे देणे कोणी कोणाला लागते?

मूळ जात नसले तरी त्याच्यासोबत येणाऱ्या बऱ्याच गोष्टी जातात किंवा आटोक्यात राहतात. अशा बाळांपैकी चाळीस ते पन्नास टक्क्यांना जन्मतः हृदयदोष असतो. हृदयाच्या कप्प्यांमधले मोठे छिद्र तान्हेपणीच शस्त्रक्रियेने बुजवले तर मूल बहुधा नीट वाढते. उशीर झाला तर फुफ्फुसांकडच्या रक्तवाहिन्यांतला दाब कायमचा चढतो आणि मग शस्त्रक्रिया करण्याची वेळ निघून जाते. थायरॉइडची तपासणी जन्मानंतर, सहाव्या महिन्यात, वर्षाला आणि पुढे दरवर्षी करायची असते. ऐकू कमी येणे, मोतीबिंदू, झोपेत श्वास अडणे, गव्हातले ग्लुटेन न सोसणे, मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधली सैल जोडणी या गोष्टी वयाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर डोके वर काढतात. कोलांटी किंवा शीर्षासन शिकवण्याआधी मानेचा विचार करावा लागतो, ही गोष्ट अनेक हौशी योगवर्गांच्या गावीही नसते. उलट काही आजार या लोकांना कमी होतात: रक्ताचा कर्करोग लहानपणी अधिक आढळतो, पण स्तनासारख्या अवयवांच्या गाठींचे कर्करोग इतरांपेक्षा बरेच कमी. इतरांसाठी केलेले वेळापत्रक त्यांना जसेच्या तसे लावता येत नाही, म्हणूनच त्यांच्यासाठी वेगळे वैद्यक लागते. १९२९ च्या सुमारास पाश्चात्त्य देशांत या व्यक्तींचे सरासरी आयुर्मान नऊ वर्षे होते, १९८३ च्या सुमारास पंचवीस. आज ते साठीच्या घरात आहे. या काळात गुणसूत्रे होती तशीच राहिली. बराचसा बदल झाला तो हृदयाच्या शस्त्रक्रिया नाकारायच्या नाहीत असे ठरल्याने आणि या मुलांना मोठ्या संस्थांच्या कोठड्यांतून घरी आणल्याने.

म्हणजे त्याआधी नाकारले जात होते. अमेरिकेत १९८२ साली इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टन येथे डाऊन सिंड्रोम असलेल्या एका नवजात बाळाची अन्ननलिका जोडलेली नव्हती. ती जोडणारी शस्त्रक्रिया नेहमीची होती. आईवडिलांनी संमती दिली नाही, न्यायालयाने त्यांचा निर्णय मान्य केला आणि बाळ काही दिवसांत गेले. बाळाचा मृत्यू झाला तो अन्ननलिकेमुळे; पण शस्त्रक्रिया झाली नाही ती बाळ मतिमंद होणार होते म्हणून. बुद्धी हीच माणसाची किंमत, असा तो निवाडा होता.

भारतीय परंपरेला हा निवाडा खरे तर करता येऊ नये. सांख्यांनी बुद्धीला प्रकृतीचा पहिला विकार मानले, पुरुषाचा म्हणजे चैतन्याचा अंश नव्हे. तैत्तिरीय उपनिषदाने विज्ञानमय म्हणजे बुद्धीच्या कोशाला पाच कोशांपैकी एक ठरवून आत्मा त्याच्याही पलीकडे ठेवला. या हिशेबाने मंद बुद्धी ही मंद दृष्टीसारखी: उपाधीतला उणेपणा, उपाधी धारण करणाऱ्यातला नव्हे. तत्त्वज्ञान इतके स्वच्छ असूनही व्यवहारात ते फारसे कामी आले नाही. तिथे राज्य होते कर्मविपाकाचे. मूल असे का, याला ‘गेल्या जन्मीचे भोग’ हे उत्तर तयार असे, आणि भोग भोगूनच संपवायचे असतात असेही लगोलग सांगितले जाई. शेजारणीने सहज म्हटलेले हे वाक्य आईच्या मनात वर्षानुवर्षे राहते. पण त्याचा दुसरा परिणाम अधिक घातक आहे: कारण सापडले असे वाटले की शोध थांबतो.

आयुर्वेदाने मात्र हा प्रश्न टाळला नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात जन्मजात वैगुण्याचे कारण बीजाच्या त्या त्या भागातल्या बिघाडात शोधलेले आहे. बीजाचा जो भाग बिघडेल त्यापासून घडणारा अवयव विकृत होतो, असे ते सूत्र. कर्म तिथे नाकारलेले नाही, पण तेवढ्यावर वैद्य थांबत नाही. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात तर शिष्य अग्निवेश थेट विचारतो की आयुष्याची मर्यादा ठरलेली असते की नाही. गुरू आत्रेयांच्या उत्तराचा गाभा असा: पूर्वकर्म म्हणजे दैव, आता केलेला यत्न म्हणजे पुरुषकार, आणि आयुष्य या दोहोंच्या बलाबलावर अवलंबून. दुर्बळ दैवाला यत्न मागे सारतो. सर्वांचेच आयुष्य ठरलेले असते तर औषधे घेण्यात अर्थ नसता आणि साप किंवा पिसाळलेला हत्ती पाहून कोणी बाजूलाही झाले नसते. या युक्तिवादातून निघणारी एक गोष्ट आत्रेय स्वतः बोलत नाहीत: दैव दुर्बळ आहे की बळकट, हे यत्न करण्याआधी कोणालाच कळत नाही. नऊचे साठ झाले ते दैव आधी कोणी वाचून नव्हे. कर्मावर श्रद्धा ठेवणाऱ्या माणसालाही मुलाच्या हृदयाची सोनोग्राफी टाळायला शास्त्राधार मिळत नाही, हे इथे पुरेसे स्पष्ट होते.

धर्मशास्त्राने आयुष्यभराचे देणे मान्य केले, पण त्याचे माप आखूड ठेवले. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बधिर, उन्मत्त, जड, मूक यांना वडिलार्जित मिळकतीत वाटा नाही. लगेच पुढच्या श्लोकात मात्र त्यांना आयुष्यभर यथाशक्ती अन्नवस्त्र दिलेच पाहिजे, न देणारा पतित होतो, असा दंडक आहे. वाटा नाही, पोटगी आहे. कायद्यातून हा भेद गेला: १९२८ च्या कायद्याने बहुतेक व्यंगांवरची बंदी उठवली, जन्मापासूनच्या वेडाची व जडत्वाची तेवढी ठेवली, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाने रोग, दोष किंवा व्यंग यांवरून कोणालाही वारसा नाकारता येणार नाही असे ठरवले. घराघरांतल्या मनातून तो इतक्या सहज गेलेला नाही. ‘त्याला काही कमी पडू देत नाही, खातोपितो, स्वच्छ ठेवतो,’ असे अभिमानाने सांगणाऱ्या चांगल्या घरांतही तीस वर्षांच्या मुलाचे कान कधी तपासलेले नसतात. अन्नवस्त्राचा धर्म पाळला जातो आणि नेमका तिथेच थांबतो.

याच्या अगदी उलट टोकाला दैवीकरण आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधातला जडभरत लोकांना मंदबुद्धी वाटतो, राजा रहूगण त्याला पालखीला जुंपतो, आणि तोंड उघडल्यावर तो ब्रह्मज्ञानी निघतो. महानुभाव पंथातल्या म्हाइंभटकृत चरित्रातले ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू वेड्यासारखे वागतात, आणि तरी, किंबहुना त्यामुळेच, गाव त्यांना ईश्वर मानते. वेडसर दिसणाऱ्याला हसू नये हा या कथांचा संस्कार मोलाचा आहे, यात शंका नाही. पण जडभरताला मान मिळतो तो आत ज्ञान लपलेले होते म्हणून. ज्याच्या आत तसे काही लपलेले नाही, जो दिसतो तेवढाच आणि तसाच आहे, त्याच्याबद्दल कथा गप्प आहे. ‘देवाघरचं लेकरू’ हे लाडाचे बोलणेही असेच फसवे. देवाघरच्या लेकराला रुसण्याचा, चिडण्याचा किंवा बद्धकोष्ठ होण्याचा हक्क उरत नाही. सदा हसतमुख म्हणून ओळखला जाणारा तरुण एकाएकी गप्प झाला, सुस्तावला, जाड झाला, तर घरचे म्हणतात, ‘यांचं असंच असतं.’ थायरॉइड, नैराश्य, झोपेतला अडलेला श्वास, कमी झालेली दृष्टी, यांपैकी काहीही असू शकते आणि बहुतेकांवर उपाय आहे. कर्माचे उत्तर आणि देवत्वाचे उत्तर वरून परस्परविरोधी दिसतात. तपासणी टाळण्यापुरते त्यांचे एकमत होते.

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात आयुष्यभराच्या देण्याच्या प्रश्नाला एक वेगळे, राहून दिलेले उत्तर आहे. कोळवण खोऱ्यात १९९४ पासून ‘साधना व्हिलेज’ ही बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांची निवासी वस्ती आहे. डाऊन सिंड्रोम हे अशा अपंगत्वाचे एक प्रमुख कारण. इथे राहणाऱ्यांना विशेष मित्र म्हणतात, आणि वसतिगृहापेक्षा घरासारखी रचना ठेवण्यावर भर आहे. सोबत आसपासच्या गावांत ग्रामविकासाचे कामही चालते. मूल लहान असताना शाळा असते, थेरपी असते, कौतुकही असते. अठरानंतर सगळेच विरळ होत जाते. म्हणून प्रौढांसाठी वस्ती असणे याला महत्त्व आहे. या वस्तीचे वैचारिक नाते कॅम्पहिल चळवळीशी जुळते. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ कार्ल क्योनिग नाझींपासून जीव वाचवून निघाले आणि १९४० साली स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनजवळ त्यांनी पहिली कॅम्पहिल वस्ती उभारली. त्याच काळात जर्मन राजवट अपंगांना पद्धतशीरपणे ठार मारत होती. क्योनिग यांची प्रेरणा रुडॉल्फ स्टायनर यांची. स्टायनर पुनर्जन्म आणि कर्म दोन्ही मानत. तरीही त्यांचा निष्कर्ष आपल्या शेजारणीच्या निष्कर्षाहून निराळा निघाला: माणसातले चैतन्य आजारी पडत नाही, आणि असे मूल जन्माला येते तेव्हा भोवतालच्या लोकांवर काम सोपवले जाते. एकाच सिद्धांतातून एकाने हात झटकले आणि दुसऱ्याने बाह्या सरसावल्या. तेव्हा दोष कर्मसिद्धांताला देऊन सुटका होत नाही.

अर्थात चैतन्य आजारी पडत नसले तरी थायरॉइड पडतो. मुळशीत प्राथमिक गरजांसाठी पौडचे ग्रामीण रुग्णालय आहे, त्यापुढे औंधचे जिल्हा रुग्णालय, ससून आणि पुण्यातली खासगी रुग्णालये. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमचा जन्मदोषांत समावेश आहे, पण हा कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतचाच. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना एक लाखापर्यंतचा खर्च उचलते आणि तिला वयाची अट नाही. उणीव आहे ती पैशाइतकीच माणसाची: पंचेचाळीस वर्षांच्या अशा रुग्णाला बालरोगतज्ज्ञ पाहत नाही, आणि प्रौढांच्या डॉक्टरने असा रुग्ण क्वचितच पाहिलेला असतो. ताम्हिणी घाटाकडून पाऊस उतरला की पुण्याचा रस्ता लांब वाटू लागतो, आणि छातीत कफ भरण्याचा काळही तोच.

वैद्यक कोणासाठी, हा प्रश्नही याच जिल्ह्यात आणि साधना व्हिलेजच्या स्थापनेच्याच वर्षी विचारला गेला. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये ससूनमध्ये काढण्यात आली. मासिक पाळीत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण पुढे केले होते. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. शस्त्रक्रिया करणारे कुशल होते, हेतू करुणेचा सांगितला गेला. मात्र मुलींना कोणताही आजार नव्हता. अडचण सांभाळणाऱ्यांची होती आणि सुरी मुलींच्या शरीरावर चालली. आयुष्यभराच्या उपचारांचे समर्थन करताना हा प्रसंग वगळून चालत नाही, कारण तोही ‘उपचार’ याच नावाने झाला.

आईवडिलांच्या मनातली एक प्रार्थना फार थोडे जण मोठ्याने बोलतात: ‘आमच्या आधी त्याला ने.’ तिला क्रूर म्हणणारा माणूस त्या घरात राहिलेला नसतो. तरी त्या प्रार्थनेत मुलाच्या आयुष्याचा हिशेब सांभाळणाऱ्यांच्या आयुष्याशी बांधलेला असतो, आणि समाजाने काही दिलेले नसल्यामुळेच तो तसा बांधला जातो. साठीपर्यंत जगणाऱ्या मुलाचे आईवडील तोवर ऐंशी-नव्वदीत असतात किंवा नसतात. औषधाने वाढवलेली वर्षे कोणाच्या घरात जगायची, याचे उत्तर औषधापाशी नाही. कोळवणसारख्या वस्त्या त्याचे एक उत्तर आहेत, आणि त्या मोजक्याच आहेत.

त्यातही उतारवय कठीण. अल्झायमरशी संबंधित अमिलॉइड प्रथिनाचा जनुक एकविसाव्याच गुणसूत्रावर असतो, त्यामुळे चाळिशीपर्यंत जवळजवळ सर्वांच्याच मेंदूत त्याचे थर दिसू लागतात, आणि पन्नाशीच्या आसपास अनेकांना स्मृतिभ्रंश जडतो. म्हणून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रौढांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत चाळिशीपासून दरवर्षी त्यासाठी तपासावे असे म्हटले आहे. मात्र स्मृतिभ्रंश म्हणून मोकळे होण्याआधी कान, डोळे, थायरॉइड आणि झोप पाहिलीच पाहिजे. चुकीच्या निदानाने उपचार करण्याजोगा माणूस खाटेला खिळतो.

संमती कोणाची, हा यातला शेवटचा आणि सर्वांत कमी चर्चिलेला भाग. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकारी सदस्य असलेल्या स्थानिक स्तर समितीकडून पालकत्व घ्यावे लागते, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा कल पालकाने एकट्याने ठरवण्यापेक्षा त्या व्यक्तीसह ठरवण्याकडे आहे. पन्नाशीचा माणूस सुई पाहून ‘नको’ म्हणतो तेव्हा हा कल प्रत्यक्षात उतरावा लागतो. त्या रक्ततपासणीने उपचार बदलणार असतील, तर भूल देणारे मलम लावणे, ओळखीच्या माणसाने शेजारी बसणे, आज नाही तर परवा पुन्हा विचारणे हे सगळे उपचारातच मोडते. तपासणीने काहीच बदलणार नसेल, तर त्याचे ‘नको’ पुरेसे आहे.